आई, आत उकडतंय

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावी. मी स्वतः प्रयोगशाळेत केस पांढरे केलेली बाई आहे. जे मोजता येत नाही त्यावर मी सहसा तोंड उघडत नाही. पण हे जिच्या बाबतीत घडलं ती माझी मावसबहीण आहे, आणि ती माझ्याहून कमी बोलते.

आणखी एक. अशा गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर, समुद्राकाठच्या एका कॅम्पवर, उजेडात घडलेली.

फक्त धुकं होतं.

तिला आपण ताई म्हणू, मी तेच म्हणते. लसी साठवतात त्या शीतगृहाची ती प्रमुख होती. कुठल्या कप्प्यात किती गारवा आहे, हे तिला नुसता हात आत घातला की कळायचं. भावजींची ड्रायव्हिंग शिकवायची शाळा होती. अर्ध्या गावाला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं, फक्त ताईपुढे हात टेकले. निवृत्त झाल्यावर दोघांनी एक कॅम्पर घेतली. आत पलंग, ओटा, फ्रिज, एसी, सगळं. भावजींनी तिचं नाव ठेवलं ‘बिऱ्हाड’.

मूलबाळ नव्हतं. दोन कुत्री होती.

ठोंब्या नावाप्रमाणेच होता. मोठा, तांबूस, प्रेमळ आणि डोक्याने यथातथा. काजळ मात्र वेगळी. पांढरीशुभ्र, डोळ्यांभोवती काळी कड, आणि वागणं एखाद्या कडक मुख्याध्यापिकेसारखं. जंगलं, तळी, समुद्र, जिथे गाडी उभी करता येईल तिथे हे चौघं जायचे.

कामं वाटलेली होती. बाहेरचं भावजींचं, आतलं ताईचं. म्हणजे कॅम्पवर पोचलं की खांबावरच्या सॉकेटला गाडीची वायर जोडायची, पाण्याचा नळ लावायचा, हे त्यांनी. आतली मांडामांड, औषधं आणि कुत्री तिच्याकडे.

कुत्र्यांसाठी एक डबी होती. पांढरी, काडेपेटीएवढी, आत बसण्याच्या जागेजवळ आकड्याला टांगलेली. कुत्रं गाडीत ठेवून कुठे जावं लागलं, वीज गेली, एसी बंद पडला आणि आत तापायला लागलं, तर ती डबी फोनवर मेसेज पाठवायची. मेसेजचे शब्द आपण ठरवायचे असतात. ते भावजींनी ठरवले होते, कुत्र्यांच्या आवाजात...

“आई, आत उकडतंय.”

“बाबांना का नाही सांगत?” ताईने विचारलं होतं.

“बाबा फोन कुठे बघतात?” भावजी म्हणाले. “हाक आईलाच मारायची.”

दोघं खूप हसले होते तेव्हा.

आता त्याआधीच्या उन्हाळ्याचं सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एका अभयारण्याच्या कडेला त्यांचा मुक्काम होता. काजळच्या पंज्याला काच लागली होती, पट्टी बांधलेली. म्हणून तिला गाडीत ठेवलं, एसी लावला, पाण्याचं भांडं भरलं आणि ठोंब्याला घेऊन दोघं दरीच्या टोकापर्यंत फिरायला गेले. लवकर परत यायचं, असं ठरवून.

वाटेत भावजी थांबले. “ऊन वाढलंय. फिरू या का मागे? एकटी आहे ती.”

ताईने फोन काढला. डबीचा ठिपका हिरवा होता. हिरवा म्हणजे सगळं ठीक.

“गारेगार आहे आत,” ती म्हणाली. “आपल्यापेक्षा मजेत आहे ती. चला.”

ते पुढे गेले.

परत आले तेव्हा वायरचा प्लग गवतात पडलेला होता.

भावजी प्लगकडे धावले. ताई दाराकडे. दार उघडताच गरम हवेचा लोट तोंडावर आला. काजळ फ्रिजपुढे पडली होती. फ्रिजच्या दाराच्या फटीला नाक लावून. त्या सगळ्या गाडीत तेवढीच एक जागा गार होती, आणि ती तिने शोधून काढली होती. त्या दारावर खाली पंज्यांचे ओरखडे होते. पट्टी सुटून लोंबत होती.

ताईने गार पाण्यासाठी फ्रिज उघडला.

मधल्या कप्प्यात, भावजींच्या इन्सुलिनशेजारी... ती डबी होती.

तिनेच ठेवली होती. आदल्या दिवसापासून फ्रिज नीट गार होत नाही अशी शंका आली होती, आणि इन्सुलिन खराब झालं तर परक्या मुलुखात कुठे शोधायचं? म्हणून तिने जन्मभराच्या सवयीने केलं. गारवा तपासायचा तर मोजणारं यंत्र मधल्या कप्प्यात ठेवायचं, आणि दार बंद करायचं. सकाळी ती ते विसरली.

ती हिरवा ठिपका बघत राहिली. तो ठिपका फ्रिजचा होता.

एका हाताने तिने काजळवर पाणी ओतलं. दुसऱ्या हाताची मूठ मिटली. भावजी आत आले तेव्हा डबी तिच्या मुठीत होती.

काजळ वाचली नाही.

“प्लग फिरवून घट्ट करायचा असतो,” भावजी म्हणत राहिले. “मी नुसता खोचला असणार. जगाला शिकवलं मी, गाडी सोडण्याआधी दोनदा बघा.” मग त्यांनी विचारलं, “पण मेसेज कसा आला नाही गं?”

“रेंज नसेल तिथे,” ताई म्हणाली.

बस. तेवढंच. संध्याकाळी तिने डबी परत आकड्याला टांगली.

त्यानंतर भावजींनी हाय खाल्ली. गाडी दारात उभी असायची. रोज सकाळी ते तिच्यात जाऊन बसायचे, चहाचा कप घेऊन, एकटे. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. सांगावं, असं रोज मनात यायचं. ओठांवर यायचं आणि ती गिळायची. जितके दिवस जात होते तितकं ते बोलणं जड होत होतं. चूक एकदा झाली होती. गप्प बसणं रोज होत होतं.

हिवाळ्याच्या तोंडावर भावजी आपणहून म्हणाले, “समुद्रावर जाऊ. ठोंब्या घरात बसून भोपळा झालाय.”

ते बोलले याचंच ताईला इतकं बरं वाटलं की तिने लगेच सामान बांधलं.

कॅम्प अगदी किनाऱ्यावर होता. हंगाम संपलेला. बाकीच्या जागा रिकाम्या. कॅम्प सांभाळणारी एक बाई होती, गुडघ्यापर्यंत गमबूट, तोंडात सारखं काहीतरी चघळणं चालू. तिने जागा दाखवली. धुकं इतकं होतं की समुद्र नुसता ऐकू येत होता.

पहिली गोष्ट ठोंब्याने दाखवली.

तो फ्रिजपुढून चालेना.

पलंगाकडे जायचं तर तिथूनच वाट होती. तो तिथे आला की थांबायचा. मग अंग चोरून, ओट्याला घासत, कडेने जायचा. जसं कुणी झोपलेलं असलं की आपण जातो...

“बघ, ओलांडत नाही,” भावजी म्हणाले. “शहाणा झाला.”



दुसरी गोष्ट पाण्याची. ठोंब्याचं भांडं दाराशी असायचं. ताईने ते भरलं, ठोंब्याला घेऊन दोघं किनाऱ्यावर जाऊन आले. गाडी कुलूपबंद. आल्यावर भांडं कोरडं होतं.

आणि ते दाराशी नव्हतं. फ्रिजपुढे होतं.

गाडी उतारावर असेल. पाणी सांडून सुकलं असेल. भांडं घरंगळलं असेल. ताईने मनातल्या मनात तिन्ही कारणं मांडली. मग तिने पाण्याची बाटली ओट्यावर आडवी ठेवून पाहिली. ती जागची हलली नाही. गाडी सपाट होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं वाळूवर चालत होते. ठोंब्या पुढे, लाटांवर भुंकत. हवा इतकी बोचरी की ताईने शाल डोक्यावरून घेतली होती.

खिशात फोन थरथरला.

तिने बघितलं.

“आई, आत उकडतंय.”

वाळूत पाय रुतल्यासारखी ती उभी राहिली.

“कुणाचा गं?” भावजींनी विचारलं.

“कंपनीचा. जाहिरात.”

फोन पुन्हा थरथरला. तेच शब्द. आणि वर ठिपका... हिरवा नव्हता. लाल.

“फार जाहिराती येतायत तुला,” भावजी म्हणाले. “मला कुणी विचारत नाही.”

तिने हसायचा प्रयत्न केला. मग त्यांची पाठ वळल्यावर तिने मेसेज पुसले, आणि डबीचं ते ॲपच फोनमधून काढून टाकलं. हात थंडीने बधिर झाले होते. नीट खात्री करून घेतली तिने. ॲप गेलं होतं.

कॅम्पजवळ पोचले तर गमबूटवाली बाई समोरून आली.

“अहो, एक बोलू का? राग मानू नका,” ती ताईला म्हणाली. “दुसऱ्या कुत्रीलाही बाहेर काढत जा की. केवढी धापा टाकत होती बिचारी, काचेला नाक लावून.”



“आमच्याकडे एकच आहे,” भावजी सावकाश म्हणाले. “हा.”

बाईने ठोंब्याकडे पाहिलं. मग गाडीकडे. “हा तर तांबडा आहे,” ती म्हणाली. चघळणं थांबलं होतं. “असेल बाई. धुक्यात काहीबाही दिसतं.” आणि ती गेली, जरा घाईनेच.

भावजी खूप वेळ गाडीच्या खिडकीकडे बघत उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ताई म्हणते, ते जास्त वाईट होतं. त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर भावजी ठोंब्याला घेऊन खडकांकडे गेले. ताईने गुडघ्याचं निमित्त केलं आणि कॅम्पच्या न्हाणीघरात कपडे धुवायला थांबली. खरं म्हणजे तिला त्या गाडीत एकटं बसायचं नव्हतं. न्हाणीघरात दोन बेसिनं, गळका नळ, पांढऱ्या फरशा. डोक्यावर ट्यूबलाइट. भिण्यासारखं तिथे काही नव्हतं.

बेसिनच्या कडेला ठेवलेला फोन थरथरला.

“आई, आत उकडतंय.”

ॲप नव्हतं फोनमध्ये.

पुन्हा.

“आई, आत उकडतंय.”

पुन्हा, पुन्हा, एकापाठोपाठ एक... फोन बेसिनच्या कडेवरून सरकत सरकत पाण्यात पडायला आला. तिने तो पकडला, आणि ओल्या हातांनी तशीच धावत सुटली. का धावली, ते तिला सांगता येत नाही. मला म्हणाली, “तेव्हा धावायला हवं होतं ना. पाय आपोआप धावले.”

बिऱ्हाड धुक्यात उभं होतं. आजूबाजूला सगळं ओलं, गार.

गाडीच्या काचा आतून धुरकटल्या होत्या. आणि खालच्या कडेला, काचेवर... पुसल्यासारखे ओले डाग. नाक घासल्याचे. एक नाही, पुष्कळ. या टोकापासून त्या टोकापर्यंत. शोधत गेल्यासारखे.

तिने दाराच्या मुठीला हात लावला आणि मागे घेतला.

मूठ तापलेली होती.

शालीचं टोक गुंडाळून तिने दार उघडलं. तोच लोट तोंडावर आला. तोच वास. तापलेलं प्लास्टिक, आणि त्याखाली ऊबदार केसांचा, काजळच्या मानेला यायचा तो.

आत कुणी नव्हतं.

आकडा रिकामा होता. डबी जागेवर नव्हती.

मग तिला आवाज आला.

खर्र... खर्र...

फ्रिजमधून.

आतून.

ती सांगते, त्या क्षणी तिला भीती वाटली नाही. फक्त लाज वाटली. इतकी की वाकून ती फ्रिजला म्हणाली, “उघडते गं. आले मी. उघडते.”

तिने दार ओढलं.

आतून गरम हवा आली. जिवंत, ओलसर, एखाद्याने तोंडावर श्वास सोडावा तशी. दूध फाटलं होतं. लोणी वितळून कप्प्यातून खाली ठिबकत होतं. आतला दिवा व्यवस्थित चालू होता. मधल्या कप्प्यात, इन्सुलिनशेजारी, डबी होती.

आणि फ्रिजच्या दाराच्या आतल्या बाजूला, खाली, पांढऱ्या प्लास्टिकवर... ओरखडे. खोल. एका पंज्याचे स्पष्ट, दुसऱ्याचे पुसट. पट्टी बांधलेला पंजा असावा तसे.

“परत तिथेच?”

ताईच्या हातून दार सुटलं. मागे भावजी उभे होते, दाराबाहेर, पायरीखाली. ठोंब्याची साखळी हातात.

“काय परत?” तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

“डबी.” ते शांतपणे म्हणाले. “घरी असल्यापासून रोज सकाळी तिथेच असते. मी चहा घेऊन येतो ना, तेव्हा. फ्रिज बंद, रिकामा, आणि आत डबी. मी उचलून आकड्याला लावतो. दुसऱ्या दिवशी परत तिथेच. मला वाटलं, तू ठेवतेस. दुःखात माणूस काहीही करतं. म्हणून विचारलं नाही.”

ताईने त्या दिवसानंतर फ्रिजमध्ये डबी एकदाही ठेवली नव्हती.

“तूच ठेवतेस ना गं?”

तिच्या मागे, गाडीत, पाण्याचा आवाज सुरू झाला. लप... लप... लप... कुणीतरी तहानेने पाणी पीत होतं. भांड्याची कड ओट्याला लागून वाजत होती.

ठोंब्या बाहेर होता. भावजींच्या पायाशी. कान टवकारून आत बघत होता, आणि त्याचं शेपूट हळूहळू हलायला लागलं होतं.

“मी,” ताई म्हणाली. “इन्सुलिनसाठी. गारवा बघायला.”

खरं उत्तर होतं ते. फक्त त्या उन्हाळ्यातल्या दिवसाचं.

भावजींनी मान हलवली. मग म्हणाले, “त्या दिवशी वाटेत तू फोन बघितला होतास. म्हणालीस, गारेगार आहे आत.”

लप... लप...

“तिथे रेंज नव्हती ना?” त्यांनी विचारलं. इतक्या हळू, इतक्या मायेने, की ते उत्तर मागत होते की तिला उत्तर देत होते, हे तिला आजही कळलेलं नाही.

ती सांगू शकत होती. दार उघडं होतं, माणूस समोर होता, आणि आत जी कुणी होती तीही ऐकत होती.

“नव्हती,” ताई म्हणाली.

पाण्याचा आवाज थांबला.

ठोंब्याचं शेपूट खाली गेलं.

गाडी एका क्षणात गार पडली. बाहेरच्या धुक्याइतकी. आणि तिच्या ओल्या मुठीतला फोन एकदाच थरथरला. या वेळी शब्द वेगळे होते, की काहीच नव्हते, ते तिने मला सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. तिने दोन्ही वेळा मान हलवली.

हे तिने मला माझ्या स्वयंपाकघरात सांगितलं, लख्ख सकाळी. मी माझ्या परीने खुलासे केले. जुने अडकलेले मेसेज कधीकधी उशिरा येतात. फ्रिजचं यंत्र बिघडलं तर उष्णता सोडतं. भावजींनाच झोपेत चालायची सवय लागली असेल. ती ऐकत होती. मग म्हणाली, “आणि ओरखडे?”

ते मी नंतर पाहिले. गाडी विकण्याआधी. त्यांचा खुलासा माझ्याकडे नाही.

जाताना ती म्हणाली, “त्यांना सांगू नकोस.” मी हो म्हटलं.

मागच्या आठवड्यात भावजी आले होते. किती उतरलेत. चहा घेताना, काही विषय नसताना, म्हणाले, “माझ्या हातून गेली गं ती. प्लग फिरवून घट्ट करायचा असतो.”

माझ्या ओठांवर आलं होतं. मी त्यांच्या कपात साखर घातली. ते साखर घेत नाहीत, हे मला माहीत आहे.

म्हणून इथे लिहिते आहे. भावजी असली पानं वाचत नाहीत.

ते गेल्यावर पाणी प्यायला मी फ्रिज उघडला. बाटली कोमट होती.

मेकॅनिक येऊन गेला. म्हणाला, फ्रिजला काही झालेलं नाही, बाई. पुन्हा बोलवू नका, उगीच फेरी पडते.

दूध अजून फाटतं आहे. मी रोज सकाळी दार उघडते आणि आधी वाकून आतली बाजू बघते, अगदी खाली.

आज तिथे एक बारीक रेघ आहे. जुनी असेल. मी आधी कधी नीट पाहिलं नव्हतं...